मारिओच्या खेळांतला उडता गालिचा: दोनदा आला, मग कुठे गेला?

उलटीटोपी

मारिओ मालिकेत वाहनांचा तोटा कधीच नव्हता. योशी आहे, बूट आहे, ढग आहे, बाउझरची ती जोकराच्या तोंडाची उडती गाडी आहे, आणि कार्टवर तर वेगळी मालिकाच उभी आहे. एवढ्या गर्दीत उडता गालिचा मुख्य खेळांत ठळकपणे भेटतो तो दोनदाच. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मध्ये आणि १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये.

गंमत अशी की हे दोन गालिचे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला तुमचा नसतोच. पिजिट नावाचा कावळ्यासारखा शत्रू त्यावर बसून तुमच्या अंगावर येतो. तुम्ही उडी मारून त्याच्या डोक्यावर उभं राहायचं, त्याला उपटून डोक्यावर धरायचं आणि गालिचा ताब्यात घ्यायचा. मग डावी-उजवी, वर-खाली, जिकडे न्याल तिकडे जातो. फक्त घड्याळ चालू असतं. थोड्या वेळाने गालिचा नाहीसा होतो, आणि तेव्हा तुम्ही कशाच्या वर आहात याची जबाबदारी तुमची.

दुसरा 'मारिओ ६४' मधल्या रेनबो राइड या आकाशातल्या लेव्हलमधला. हा कोणाकडून हिसकावून घ्यावा लागत नाही, उभं राहिलं की निघतो. पण तो इंद्रधनुष्याच्या पट्ट्यावरूनच जाणार. तुम्ही काहीही दाबा, तो वाट सोडत नाही. पाय खाली ठेवलात तर लुकलुकायला लागतो, वेळेत परत चढला नाहीत तर गायब होतो आणि पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन बसतो.

म्हणजे एकाला दिशा दिली आणि वेळ काढून घेतला. दुसऱ्याला वेळ दिला आणि दिशा काढून घेतली. दोन्ही एकत्र कधीच मिळालं नाही. मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडोने नंतर गालिच्याचा नाद सोडला असं दिसतं. का सोडला असेल? मला माझं उत्तर आहे, पण आधी तुमची ऐकतो.

शून्यलाइफ

रेनबो राइडचं नाव काढलंत आणि तळहाताला घाम आला. ती लेव्हल ज्याने बनवली त्याला खाली बघायची सक्ती करायला हवी होती.

चौथी_खिडकी

पहिल्या गालिच्याचं उत्तर त्याच्या जन्मातच आहे. तो मुळात मारिओचा नाहीच.

इथल्या बहुतेकांना माहीत असेल, तरी धाग्यासाठी लिहिते. आपण ज्याला 'मारिओ २' म्हणतो तो खेळ जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर (निन्टेंडोच्या तिकडच्या घरगुती यंत्रावर) 'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक' या नावाने आला. फुजी टेलिव्हिजनने त्या वर्षी युमे कोजो नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, त्यातलीच पात्रं या खेळात होती. इमाजिन, त्याची मैत्रीण, आई आणि बाबा असं चौघांचं अरबी पोशाखातलं कुटुंब. दोन मुलं एका गोष्टीच्या पुस्तकात ओढली जातात आणि हे चौघं त्यांना सोडवायला पुस्तकात शिरतात, अशी कथा.

आता त्या जगात गालिचा असणं किती साहजिक आहे बघा. डोक्याला पागोटं, वाळवंट, जमिनीत पुरलेले रांजण, आणि दारं उघडायला जादूचा दिवा. हो, दिवा! आपल्या आवृत्तीत जी लाल औषधाची बाटली आपटली की दार उगवतं, तिथे मूळ खेळात दिवा होता. अमेरिकेसाठी मारिओचा साज चढवताना दिव्याची बाटली केली, इमाजिनच्या जागी मारिओ आणला, बाकीच्या तिघांचेही चेहरे बदलले. गालिचा मात्र तसाच राहू दिला. तो काढला असता तर पिजिट काढावा लागला असता आणि त्याच्या भरवशावर आखलेला रस्ताही पुन्हा आखावा लागला असता.

त्यामुळे 'निन्टेंडोने गालिचा का सोडला' हा प्रश्नच मला पटत नाही. मारिओसाठी म्हणून त्यांनी तो कधी धरलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरातून सामान हलवताना चुकून बरोबर आलेली वस्तू आहे ती.

तळमजल्याचा_बॉस

चौथी_खिडकी, माहिती उत्तम. निष्कर्ष मात्र पटला नाही. शाय गाय, बॉब-ऑम्ब, बर्डो हे शत्रूसुद्धा त्याच सामानातून आले. ते आजही मालिकेत ठाण मांडून बसले आहेत. शाय गाय तर कार्ट चालवतो, टेनिस खेळतो. मग गालिच्यानेच काय घोडं मारलं होतं?

आणि १९९६ चा गालिचा कोणाच्या सामानातला? 'मारिओ ६४' पाटी कोरी करून लिहिलेला खेळ आहे. तिथे गालिचा मुद्दाम आणलाय.

उलटीटोपी

बॉसशी सहमत. आता माझं उत्तर देतो.

गालिच्याची नोकरी ढगाने घेतली.

'मारिओ २' मधली युक्ती आठवा: शत्रू हवेत वाहनावर, शत्रूला खाली पाड, वाहन आपलं, थोडा वेळ मोकळं उडणं, मग वाहन विरून जातं. आता १९९० चा 'सुपर मारिओ वर्ल्ड' घ्या. लाकितू नावाचा शत्रू ढगात बसून काटेरी पिल्लं फेकतो. त्याला पाडा, ढगात बसा, हवं तिकडे उडा, आणि थोड्या वेळाने ढग विरतो. शब्दशः तीच युक्ती! फक्त वाहन बदललं. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' मध्येही लाकितूचा ढग पळवता येतो.

लाकितू पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' पासून घरचा माणूस. त्याचा ढग कुठल्याही आकाशाखाली शोभतो: गवताळ, बर्फाळ, वाळवंटी. गालिच्याला मात्र अरबी गोष्टींचा वास आहे. तो आला की आजूबाजूलाही तसंच काही लागतं. एकाच कामाला दोन वाहनं असतील तर डिझायनर कमी प्रश्न विचारायला लावणारं वाहन ठेवणार.

शून्यलाइफ

मग ६४ मध्ये ढग का नाही दिला? तिथे पुन्हा गालिचाच का?

उलटीटोपी

ढग कामावर होता. ६४ मध्ये लाकितू कॅमेरामन आहे, त्याच ढगात बसून आपलं शूटिंग करत असतो. ढग काढून घेतला तर खेळ दिसणार कसा? :)

चौथी_खिडकी

हे विनोद म्हणून छान आहे, पण त्याच रेनबो राइडमध्ये एक शत्रू लाकितूही फिरतो, ढगासकट. काटेरी फेकणारा. म्हणजे एक ढग मोकळा होता.

तळमजल्याचा_बॉस

हाहा. निकाल: कॅमेरामन लाकितू कायम नोकरीत, दुसरा रोजंदारीवर.

गंभीरपणे सांगायचं तर ६४ मधल्या गालिच्याचं कारण मला कॅमेऱ्यातच दिसतं. फक्त लाकितूच्या नाही, एकूणच. १९९६ मध्ये त्रिमिती उड्या मारणारा खेळ बहुतेक लोकांच्या हाती पहिल्यांदाच पडत होता आणि कॅमेरा सांभाळता सांभाळता नाकी नऊ येत होते. लेव्हलखाली तळ नाही, चारही बाजूंना पोकळी. अशात मोकळं उडणारं वाहन दिलं असतं तर निम्मे खेळाडू दिशाच हरवून बसले असते. (पंखांची टोपी आहेच, पण ती घालून अचूक उतरणं काय प्रकरण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.) ठरलेल्या वाटेवरचा गालिचा म्हणजे डिझायनरला पूर्ण माहीत असतं की खेळाडू कुठल्या क्षणी कुठे असेल. म्हणून तिथे आग ओकणारी तोंडं ठेवता येतात, मध्येच उडी मारायला लावणारे अडथळे ठेवता येतात, आणि शेवटी ते आकाशातलं मोठं घर बरोबर कोनातून दाखवता येतं.

इंद्रधनुष्याचा पट्टा हाही निव्वळ सजावटीचा नाही. पुढची वाट आधी दिसते, वळण कुठे आहे ते कळतं. वाहन तुमच्या ताब्यात नसेल तर निदान ते कुठे नेणार आहे एवढं तरी दिसलं पाहिजे. ढगाला अशी रेघ मारून दिली असती तर विचित्र दिसलं असतं.

हळूधावपटू

तुम्ही सगळे गालिच्यावर का बसायचं याची चर्चा करताय. स्पीडरन करणाऱ्यांचा, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांचा, प्रश्न उलटा आहे: त्यावर न बसता कसं जायचं?

गालिचा आपल्याच चालीने जातो. तुम्ही जगातले सर्वोत्तम खेळाडू असाल, तरी त्याचा वेग वाढत नाही. १२० ताऱ्यांच्या, म्हणजे सगळे तारे गोळा करायच्या, धावेत बाकी प्रत्येक ठिकाणी हात चालवून वेळ कमावता येतो, इथे मात्र हाताची घडी घालून उभं राहायचं. स्पीडरनरला यापेक्षा मोठा छळ नाही. म्हणून लोकांनी मोठ्या घरापर्यंत गालिच्याशिवाय पोहोचायचा मार्ग शोधला. त्या युक्तीचं नावच 'कार्पेटलेस' आहे. भिंतींवरून अशा काही नेमक्या उड्या आणि लाथा मारायच्या की बोटभर चूक झाली तर खाली पोकळीत. ६४ च्या स्पीडरनमधल्या सर्वांत अवघड युक्त्यांमध्ये तिची गणना होते. आणि लेव्हल पंधरावी, म्हणजे धावेत हे वळण फार उशिरा येतं. तासभराहून जास्त जमवलेली धाव तिथे पणाला लावायची की निमूट गालिच्यावर उभं राहायचं, हा निर्णय बघणं हीच प्रेक्षकांची मजा.

शून्यलाइफ

म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं वाहन टाळण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं सराव करतायत. गालिच्याचा यापेक्षा मोठा अपमान नसेल.

हळूधावपटू

मला तो मानच वाटतो. ज्या वाहनाला फसवावंसं वाटतं त्याने काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं असतं.

नकाशे_आणि_मी

मी मारिओवाला नाही, आरपीजीवाला, म्हणजे पात्र घेऊन मोठ्या जगात भटकायच्या खेळांचा. पण उलटीटोपी यांचं 'काहीतरी दिलं, काहीतरी काढून घेतलं' हे सूत्र मारिओपुरतं नाही. आमच्याकडे तर गालिचा हा नकाशा उलगडायचा हिशोबी टप्पाच असतो.

'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२, सुपर फॅमिकॉम) घ्या. आधी पायी, मग जहाज, मग जादूचा गालिचा, त्यानंतर पूर्ण उडणारी वाहनं. गालिचा सपाट जमिनीवरून जातो, समुद्रावरून जातो, पण डोंगर आणि जंगल आलं की थांबतो. फार उंच उडत नाही, सरपटतो म्हणा. त्यामुळे काय होतं, जे जग तुम्ही अर्ध्या खेळात बघून झालंय असं समजता, त्यात गालिचा मिळाल्यावर नवे कोपरे उघडतात. जहाज किनाऱ्याला लागायचं ते आता थेट आत जाता येतं. तरीही चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली जागा तशीच खुणावत राहते. ती पुढच्या वाहनासाठी राखलेली. 'ड्रॅगन क्वेस्ट ६' मध्ये तर उडता पलंग आहे! त्या खेळात स्वप्नाचं जग आणि खरं जग असा खेळच आहे, तेव्हा पलंगाचं वाहन असण्यापेक्षा चपखल काही सुचलं नसतं.

आणखी मागे जायचं तर 'अल्टिमा ५' (१९८८). लॉर्ड ब्रिटिशच्या किल्ल्यातच जादूचा गालिचा मिळतो, शोधलात तर. १९९२ च्या 'अल्टिमा ७' मध्येही गालिचा आहे, अख्खी टोळी घेऊन उडतो. त्या खेळात जहाजावर चढलात तर आधी मालकीचा कागद विकत घ्यावा लागतो, कागद नसेल तर जहाज हलत नाही. गालिच्याला कागद लागत नाही, वारा लागत नाही, बंदर लागत नाही. अट एकच, उतरायला मोकळी जागा हवी. दाट झाडीवर कितीही घिरट्या घाला, खाली येता येत नाही.

सांगायचा मुद्दा, गालिचा कशावरून जाऊ शकत नाही हे ठरवलं की नकाशा आपोआप तयार होतो. डोंगर अडवतात की जंगल की घड्याळ, एवढाच प्रत्येक मालिकेतला फरक.

उलटीटोपी

नकाशे, हे फार आवडलं. मारिओमध्ये नकाशा नाही, म्हणून घड्याळ. लेव्हल डावीकडून उजवीकडे जाते आणि वर आभाळ मोकळं, डोंगर ठेवून अडवणार कोणाला? मोकळ्या उड्डाणाला वेळेचंच कुंपण घालावं लागतं, नाहीतर सगळी लेव्हल वरच्या वर संपवता येईल.

अजून एक जाता जाता. 'मारिओ २' मध्ये चार पात्रं, चौघांच्या चार तऱ्हा. लुइजी उंच उडतो, प्रिन्सेस हवेत तरंगते, टोड उपटण्यात तरबेज, मारिओ मध्यम. खेळाचा सगळा आत्मा त्या निवडीत आहे. पण गालिच्यावर चढलं की चौघं सारखेच! तरंगणं कामाचं नाही, उंच उडी कामाची नाही. मला वाटतं गालिचा त्या खेळात मोजक्याच ठिकाणी आहे त्याचं हे एक कारण असावं.

शिंपीण

मालिका बदलते, माफ करा, पण माझ्या आयडीची लाज राखायला हवी.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' मध्ये 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्ताराच्या काळात उडते गालिचे आले, आणि तिथे त्यांना ना डोंगर अडवतो ना घड्याळ. अडवतो धंदा! गालिचा शिंपीच बनवू शकतात आणि शिंपीच चालवू शकतात. तेव्हा साध्या गालिच्याला शिवणकामाचं कौशल्य ३०० लागायचं, भारी आणि वेगवान गालिच्याला ४२५. दुसरा कितीही श्रीमंत असो, कितीही मोठा योद्धा असो, सुई धरता येत नसेल तर गालिचा त्याला जागचा हलवता येत नाही. इंजिनिअर लोकांची उडती यंत्रंही अशीच त्यांच्यापुरती.

ज्यांनी तो खेळ खेळला नाही त्यांना कळणार नाही, पण शहरात बँकेच्या दारात ड्रॅगनांची आणि ग्रिफिनांची दाटी झालेली असते, तिथे गालिच्यावरून उतरलं की सगळ्यांना न सांगता कळतं हा कोण आहे. व्यवसायाची पाटीच ती. बाकीच्या स्वाऱ्या विकत घेता येतात, जिंकता येतात, हिला मात्र शिंप्याचाच हात लागतो. माझ्या मते कुठल्याही खेळात गालिच्याला याहून समंजस वागणूक मिळालेली नाही. कापडाची वस्तू कापडवाल्याकडे.

तळमजल्याचा_बॉस

शिंपीण, प्रचंड अनुमोदन. वेळ, वाट, भूगोल, आणि आता धंदा. कुंपणांची यादी वाढत चालली.

बॅटरी_संपली

टेरारिया हा खेळ राहिला. पिरॅमिडच्या पेटीत गालिचा मिळतो, हवेत आडवा ५ सेकंद नेतो. उंची मिळत नाही, फक्त आडवं. आणि प्रत्येक जगात पिरॅमिड असतोच असं नाही, त्यामुळे लोक केवळ गालिच्यासाठी नवीन जग बनवून वाळवंटं धुंडाळतात. नशीब हे पाचवं कुंपण धरा.

शून्यलाइफ

अल्लादीन कोणीच काढला नाही अजून? सेगाच्या मेगा ड्राइव्हवरच्या त्या खेळातला गुहेतून पळायचा टप्पा, मागे लाव्हा, समोर दगड, आणि वर की खाली ते दाखवणारी खूण अर्धा क्षण आधी येते. मी अजून झोपेत ओरडतो.

उलटीटोपी

तो भन्नाटच आहे, पण त्याला वाहन म्हणवत नाही. तो आपोआप सरकणारा पडदा आहे, तुम्ही फक्त वर-खाली चुकवता. एकदा संपला की गालिचा परत हाताशी येत नाही. ६४ चाही वाट ठरलेला आहे हे मान्य, पण तिथे तुम्ही उतरू शकता, मध्येच दुसऱ्या फळीवर जाऊ शकता, परत पकडू शकता. चुकायची मोकळीक आहे.

जुनं_डॉस

सगळी कुंपणं मोजून झाली असतील तर बिनकुंपणाचा गालिचा सांगतो. बुलफ्रॉगचा 'मॅजिक कार्पेट', १९९४. पीटर मोलिन्यू यांची कंपनी, डॉसवर.

तुम्ही जादूगार. खेळ सुरू होतो तो गालिच्यावर आणि संपतो तोही गालिच्यावर. घड्याळ नाही, वाट नाही, डोंगर आला तर गालिचा डोंगराच्या अंगावरून वर चढतो. पुढे, मागे, आडवं, सगळीकडे. मागे जाता येणं याचं मोल ज्याच्या मागे ड्रॅगन लागलाय त्यालाच कळेल. राक्षस मारले की 'माना' चे, म्हणजे जादूच्या शक्तीचे, गोळे पडतात, ते मंत्राने आपल्या रंगाचे करायचे, मग आपल्या किल्ल्यातून फुगा येऊन ते गोळा करून नेतो. तेवढ्यात दुसरा जादूगार येऊन तेच गोळे त्याच्या रंगाचे करतो आणि मारामारी जुंपते. जमीनही स्थिर नाही, भूकंपाचा मंत्र टाकला की भेग पडते, ज्वालामुखी टाकला की सपाट जागी डोंगर उभा राहतो. नकाशे_आणि_मी यांना आवडेल हे, इथे नकाशा गालिच्याला अडवत नाही, गालिचेवालाच नकाशा मोडतो.

१९९४ मध्ये हे सगळं धुक्यासकट, पाण्यातल्या प्रतिबिंबांसकट चालायचं. लाल-निळ्या चष्म्यातून त्रिमिती बघायची सोय होती. नेटवर्कवर ८ जणांपर्यंत खेळता यायचं. सगळा थाट बघायचा तर संगणक मात्र त्या काळाच्या मानाने तगडा लागायचा. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, 'द नेदरवर्ल्ड्स'. नंतर मालिका थांबली.

एक विचित्र गोष्ट. नजर जादूगाराची स्वतःची, त्यामुळे आपला गालिचा दिसतच नाही. नाव 'मॅजिक कार्पेट', आणि दिसतात ते प्रतिस्पर्ध्यांचे गालिचे.

चौथी_खिडकी

हे शेवटचं वाक्य या चर्चेसाठी महत्त्वाचं वाटतं मला. सगळी बंधनं काढून टाकली की गालिचा वाहन उरत नाही. ते फक्त चालणं होतं, जरा उंचावरून. 'मॅजिक कार्पेट' मध्ये 'मी गालिच्यावर बसलोय' असं वाटतं का हो? की 'मी उडतोय' असं वाटतं?

जुनं_डॉस

प्रामाणिकपणे, दुसरं. पहिल्या पाच मिनिटांनंतर गालिचा डोक्यातून जातो, उरतात ते मंत्र आणि मानाचे गोळे.

पण तक्रार नाही. मला उडायचंच होतं.

तळमजल्याचा_बॉस

मग मूळ प्रश्नावर परत येऊ. माझ्या मते मारिओमधून गालिचा गेलेला नाही, त्याला पिसं फुटली.

'सुपर मारिओ सनशाइन' (२००२) आठवा, जेलाटो बीचवरचा वाळूचा पक्षी. मारिओ त्याच्या पाठीवर उभा, पक्षी ठरलेल्या वाटेने आकाशात चक्कर मारतो, आपण त्याला वळवू शकत नाही, पाठीवरून पडलो की कल्याण. मध्येच तो पंख उभे करून आडवा होतो आणि आपल्याला धावत कडेला जावं लागतं. लाल नाणी गोळा करायची ती त्याच प्रवासात. हा सरळ सरळ रेनबो राइडचा गालिचा आहे! फक्त गालिचा कधी कूस बदलत नव्हता, हा बदलतो.

'गॅलेक्सी' (२००७) मध्ये पाण्यावरचा रे मासा. सपाट, वर उभं राहायचं, रिमोट तिरका करून वळवायचा. 'गॅलेक्सी २' (२०१०) मध्ये फ्लझार्ड पक्षी, त्यालाही तसंच तिरकं करून उडवायचं. म्हणजे वाहन सपाट किंवा पंखवालं, वेग त्याचा, दिशा थोडीफार आपली. जिवंत प्राणी असल्यामुळे तो आपल्या मर्जीने जातो हे खपून जातं. गालिचा स्वतःच्या मर्जीने गेला की खेळाडू म्हणतो 'अरे, मला चालवू दे ना'. पक्षी गेला की म्हणतो 'बरं बाबा, तू ने'.

उलटीटोपी

ढगाचा सिद्धांत मोकळ्या गालिच्यासाठी आणि पक्ष्याचा सिद्धांत वाटेवरच्या गालिच्यासाठी. दोन गालिचे होते, दोन वारस मिळाले. मला चालेल.

फक्त वाळूच्या पक्ष्याबद्दल एक हरकत. तो एका मोहिमेपुरता आहे. रेनबो राइडचे गालिचे लेव्हलचे रस्ते आहेत, तिथल्या निरनिराळ्या ताऱ्यांसाठी तेच पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. एसटी आणि सहलीची गाडी एवढा फरक आहे तो.

शून्यलाइफ

पिजिटचं पुढे काय झालं? गालिच्याचं जाऊ दे, मालक कुठे गेला?

चौथी_खिडकी

निन्टेंडोच्या पात्रांच्या मारामारीच्या खेळात, 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' (२००१) मध्ये भेटतो. 'मशरूम किंगडम २' हे मैदान 'मारिओ २' वरूनच बेतलेलं आहे, तिथे तो अधूनमधून गालिच्यासकट येतो आणि त्या गालिच्यावर उभं राहता येतं. मैदान आधी अनलॉक करावं लागतं. म्हणजे गालिचा तिथे पुन्हा दुसऱ्याचाच, आणि या वेळी हिसकावून घेता येत नाही.

नकाशे_आणि_मी

मारिओ कधीच न खेळलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, गालिच्यासाठी म्हणून?

हळूधावपटू

'मारिओ २' पासून. पहिल्या जगाची दुसरी लेव्हल, सुरुवातीलाच पिजिट येतो. घाई करून त्याच्या समोरून भिडू नका, वरून डोक्यावर उतरा, या खेळात शत्रूच्या डोक्यावर उभं राहिलं तर तो मरतही नाही आणि तुम्हालाही काही होत नाही. उपटून घेतलात की लगेच निघा, शोभा बघत बसू नका, वेळ सुरू झालेली असते. दरीच्या पलीकडची जमीन दिसली की तिच्यावर येईपर्यंत गालिचा सोडू नका, पण आलात की लगेच उतरा.

रेनबो राइडला जाल तेव्हा गालिच्याच्या मध्यावर उभे राहा आणि कॅमेरा निघण्याआधीच मागे लावून घ्या. अडथळा आला की सरळ वर उडी, पुढे नाही.

शून्यलाइफ

आणि खाली बघू नका.

हळूधावपटू

खाली बघायलाच हवं, गालिच्यावर पडणारी सावली बघितल्याशिवाय उडी कुठे उतरणार ते कळत नाही.